आगेराच्या स्टॉलवरचा बॉटल मसाला : वर्षभर वापरून झाल्यावर

गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, आगेराची, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाची, मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर, देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पटांगणातल्या एका स्टॉलवरून मी अर्धा किलो बॉटल मसाला घेतला. आम्हा ईस्ट इंडियन घरांत वर्षभरासाठी एकदाच करून ठेवतात, तो हा मसाला. साडेसहाशे रुपये दिले. बाटलीवर ना कंपनी, ना गाव. वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं : ‘मसाला, एप्रिल’. ती बाटली आता संपत आली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या गावठाणातली बरीच मंडळी सध्या विचारत असतात की घरी कांडणं होत नाही, तर मसाला घ्यायचा कुठून. त्यांना याचा उपयोग होईल.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे मी कुठल्या जिभेने बोलतोय ते कळेल. मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचा मूळचा मराठी ख्रिस्ती, वय अडुसष्ट, मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका गावठाणात जन्मलो आणि आजही तिथेच राहतो. आमच्या घरी मसाला कधी विकत आणला नव्हता. एप्रिल लागला की बायको गच्चीवर जुनी चादर पसरायची, मिरच्यांची देठं काढायला मला बसवायची आणि तीन-चार दिवस उन्हात वाळवून झालं की कांडपाच्या बायकांना निरोप जायचा. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिने भरलेल्या बाटल्या वर्षभर पुरल्या. त्यानंतर बाजारात मिळणारे दोन-तीन मसाले आणून पाहिले. कुणाचं नाव घेत नाही, पण रंग भडक, वास नुसता मिरचीचा आणि कालवण पिठाळ. घरात केलेलं जेवण दुसऱ्याच्या घरचं लागावं, असं पहिल्यांदाच झालं.

तर हा मसाला. झाकण उघडल्यावर पहिला वास मिरचीचा येतो, पण खाट लागत नाही. मग धणे-तिळाचा खमंगपणा आणि अगदी शेवटी, बाटली नाकापासून लांब नेल्यावर, नागकेशर आणि दगडफूल. हा क्रम महत्त्वाचा. सगळे वास एकदम अंगावर आले तर समजायचं, की जिन्नस एकत्रच भाजून टाकलेत. इथे प्रत्येक जिन्नस वेगळा भाजला आहे, हे नाकालाच कळतं. चिमूटभर मसाला पांढऱ्या बशीत घेऊन दोन बोटांत चोळला. गिरणीतला मसाला बोटावर पावडरीसारखा चिकटतो. हा किंचित रवाळ लागला, हळकुंडाचे बारीक पिवळे कण डोळ्यांना दिसले आणि बोटं तेलकट झाली. खसखस आणि तीळ मुसळाखाली ठेचले गेले की ते तेल सुटतं. गिरणीत मसाला गरम होतो आणि अर्धा वास तिथेच उडून जातो. हा उखळात कांडलेला आहे, यात मला शंका उरली नाही.

रंग विटकरीकडे झुकणारा तांबडा. काश्मिरी मिरची रंगाला, रेशमपट्टी चवीला आणि जरा तिखट जात झणक्याला, असा साधारण हिशेब लागतो. गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून घातलेली आहे, तीही बेताने. नुसती वजन वाढवायला नव्हे, कालवण जेवढं मिळून यावं तेवढीच.

पहिल्यांदा ओल्या बोंबलाचं कालवण केलं. बोंबील लबाडी खपवून घेत नाही. मसाला कच्चा असेल तर सगळा कच्चेपणा तो पुढे आणतो. तेलात ठेचलेला लसूण, दोन चमचे मसाला मंद आचेवर, वर चिंचेचं पाणी, कोथिंबीर, आणि शेवटी बोंबील. तांदळाच्या भाकरीबरोबर जेवलो. मुलगा शेजारी बसला होता. तो काही बोलला नाही, दुसरी भाकरी घेतली आणि टोपातला रस्सा पुसून खाल्ला. दुसऱ्यांदा रविवारचं मटणाचं लोनवास हे कालवण, दुधी घालून. तिथे मात्र दीड चमचा जास्त लागला, कारण दुधीच्या पाण्यात हा मसाला थोडा मवाळ पडतो. नाताळात फुग्यांबरोबर (तळलेल्या गोल पावांबरोबर) खुड्डी, म्हणजे मांसाचं कालवण, केली, ती उत्तम झाली. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी वालाच्या शेंगा आणि बटाटा केला, तो त्याहून उत्तम. मटणामाशाच्या आडोशाशिवाय नुसत्या भाजीत जो मसाला उभा राहतो, तो खरा. माझी आई हेच म्हणायची.

उणिवाही सांगतो. तिरफळाचा हात आखडता आहे. आमच्या बाजूच्या जिभेला ते जाणवतं, विशेषतः बांगड्याला. एकदोन ठिकाणी देठाचे तुकडे सापडले, म्हणजे चाळताना वस्त्रगाळ झालेलं नाही. आणि मोठी तक्रार झाकणाची. प्लास्टिकचं फिरकीचं झाकण आहे, सप्टेंबरच्या दमट हवेत वरचा दोन बोटं थर गोळे धरू लागला. हा मसाला पूर्वीपासून गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत का भरतात, याला कारण आहे. उजेड आत जात नाही, गळा अरुंद असल्याने हवा कमी लागते, काठीने ठासून भरला आणि बूच घट्ट बसवलं की वर्षभर रंगही उतरत नाही. ‘बॉटल मसाला’ हे नाव तिथूनच आलं. ती बाटली सोडून बरणीत भरायचं, तर बूच तरी नीट हवं.

आता त्या स्टॉलबद्दल. तो दिवस कळल्याशिवाय हा मसाला माझ्यासाठी काय आहे, ते समजणार नाही.

आगेरा म्हणजे आमचा सुगीचा सण. नव्या भाताच्या लोंब्या देवळात आणायच्या, फादर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देतात आणि मग घरोघरी दोन-दोन लोंब्या नेऊन वेदीवर किंवा दारावर लावायच्या. माझ्या लहानपणी त्या लोंब्या आमच्याच शेतातल्या असायच्या. जिथे आज सात मजली इमारती आहेत, तिथे चिखलात उतरून मी त्या कापल्या आहेत. आता गावठाणाच्या आसपास वीतभर शेत उरलेलं नाही. लोंब्या बाहेरून, वसईच्याही पलीकडून आणाव्या लागतात. तरी आणतो. बायका लुगडी नेसतात, ढोल-बाजा असतो, मिरवणूक निघते, आणि त्या एका सकाळी देऊळ आमचं वाटतं.

त्या दिवशी रांगेत माझ्या मागे एक गृहस्थ होते, आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या हद्दीत) नव्याने राहायला आलेले. भला माणूस. त्यांनी स्टॉलवरच्या मुलीला विचारलं, ‘हा गोवन मसाला का?’ ती म्हणाली, ‘नाही अंकल, इथलाच.’ ते म्हणाले, ‘इथला म्हणजे?’ तिने हाताने खाली जमिनीकडे दाखवलं.

हा प्रश्न आम्हाला आयुष्यभर पुरला आहे. नाव सांगितलं की समोरचा विचारतो, गोव्याचे का? तोंड उघडलं की दुसरा म्हणतो, अरे वा, तुम्ही एवढं छान मराठी कसं बोलता? अहो, आमच्या आज्या-पणज्यांना दुसरी भाषा येत नव्हती. आम्ही कोळी, भंडारी, कुणबी, वाडवळ, कुपारी, असे इथलेच. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यानंतर आमच्या वाडवडिलांनी ख्रिस्ती धर्म घेतला. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, त्यांचे पाद्री गेले. आमचे पूर्वज कुठे जाणार? शेत इथे, होडी इथे, क्रूस इथे. ते राहिले, आणि इथल्याच पाद्र्यांच्या आधाराने त्यांनी धर्मही राखला. पुढे इंग्रजांच्या काळात नोकरीसाठी गोवा आणि मंगळूरकडून ख्रिस्ती मंडळी मुंबईत आली, तेव्हा आपली वेगळी ओळख सांगता यावी म्हणून 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आमच्या पुढाऱ्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. ईस्ट इंडिया कंपनी सरकारची सर्वांत जुनी प्रजा आम्ही, असा त्यामागचा दावा होता. दावा तेव्हा कामाला आला असेल. पण जे सर्वांत आधीपासून इथले, त्यांच्याच नावात परक्या कंपनीचं नाव बसलं, आणि त्या नावाचा अर्थ आम्ही आजही लोकांना समजावत बसतो.

बाहेरच्यांचं मी समजू शकतो. दुखतं ते आतलं. माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. मे महिन्यात गावठाणातल्या क्रुसापाशी लादाईन, म्हणजे संतांची नावं घेत म्हणायची लॅटिन प्रार्थना, व्हायची. प्लेगच्या साथीत, 1896च्या सुमारास, असे कितीतरी क्रूस मुंबईच्या गावठाणांत उभे राहिले, आमचाही त्यातलाच. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा म्हाताऱ्या बायका संतांच्या प्रत्येक नावामागे ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी प्रार्थना कर) खणखणीत आवाजात म्हणायच्या, आणि लादाईन संपून उकडलेले चणे वाटले जाऊ लागले की त्याच दमात आम्हा पोरांना मराठीत दटावायच्या. मी सात-आठ वर्षांचा असताना, कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, लोकभाषेत मिस्सा सुरू झाली. ज्या दिवशी मराठीत पहिल्यांदा ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ अख्ख्या देवळाने म्हटलं, त्या दिवशी माझी आजी घरी येऊन रडली होती. आयुष्यभर जी प्रार्थना ती चुलीपाशी म्हणत आली, ती आता वेदीपाशी चालत होती.

आज आमच्या धर्मग्रामात मराठी मिस्सा महिन्यातून एकदा आहे, सकाळी साडेसहाला. बायको गेल्यावर तिच्यासाठी महिन्याने होणाऱ्या मिस्सेला मराठी गीतं असावीत अशी माझी इच्छा होती. कार्यालयात सांगितलं. उत्तर मिळालं की गायकवृंदाला मराठी गीतं येत नाहीत, तुम्ही तुमची माणसं आणा. चिडून कुणी बोललं नाही, सरळ सोयीचं उत्तर होतं. पण ‘तुमची माणसं’ हा शब्द घेऊन मी त्या पायऱ्या उतरलो, ज्या पायऱ्यांच्या दगडांसाठी माझ्या आजोबांनी आपली बैलगाडी दिली होती. शेवटी गावठाणातल्या आठ-दहा बायका आल्या, पेटी कुणाची तरी आणली, आणि त्यांनी गायलं. सूर कुठेकुठे सुटला. माझ्या मनासारखी मिस्सा झाली.

म्हणून त्या मुलीने जमिनीकडे बोट दाखवलं तेव्हा मी तिच्याकडून पत्ता लिहून घेतला. या एप्रिलमध्ये मसाला कांडताना पाहायला वसईला तिच्या घरी गेलो.

घर आगाशीच्या बाजूला, केळीच्या वाडीत. मुलीची आजी, सगळे त्यांना मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो, ऐंशीच्या पुढच्या आहेत. लाल लुगडं, हातात जपमाळ. त्या स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवत नाहीत. ‘आम्ही कुपारी’ म्हणाल्या, म्हणजे वसईचे सामवेदी ख्रिस्ती. त्यांची सामवेदी बोली मला अर्धीच कळली, तेव्हा आम्ही दोघं साध्या मराठीवर आलो. मसाल्याची यादी मात्र सुनेच्या माहेरची, आणि ते माहेर मुंबईचं गावठाण. ‘यादी तिची, हात आमचा,’ असं मावशींनी सांगितलं. तिरफळ कमी का, याचं उत्तर मला तिथेच मिळालं. मावशींना तो वास चालत नाही.

अंगणात तीन दगडांची चूल, तिच्यावर खापर. आधी गहू, मग डाळ, मग धणे, तीळ, खसखस, मोहरी, मेथी, जिरं, शहाजिरं, बडीशेप. आणि दालचिनी, लवंग, मिरी, दोन्ही वेलच्या, चक्रीफूल, जायपत्री, तमालपत्र, दगडफूल, नागकेशर वेगवेगळ्या परातींत. मी मोजले ते सत्तावीस जिन्नस. मावशी पाटावर बसून फक्त नाकाने हुकूम देत होत्या. सून खापरावर उलथणं फिरवत असताना त्या एकदम म्हणाल्या, ‘काढ.’ मला तर काही फरक जाणवला नव्हता. सुनेने दाणा चावून पाहिला आणि खापर उतरवलं. मिरची शेवटी, तेलाच्या थेंबावर, आणि तेव्हा सगळ्यांनी पदर नाकाला लावले.

मग कांडप. लाकडी उखळाभोवती तिघी उभ्या, प्रत्येकीच्या हातात डोक्याहून उंच मुसळ. एकीचं वर, एकीचं मध्यावर, एकीचं खाली. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आपटतं, म्हणून त्या गातात. मी ऐकत होतो आणि दोन ओळींनंतर ओळखलं, ते मारियेचं गीत होतं, माझ्या बायकोच्या महिन्याच्या मिस्सेला गायलेलं. तिथे ते पेटीवर हळू चालीत झालं होतं. इथे ते मुसळाच्या ठेक्यावर दुप्पट लयीत चाललं होतं आणि ‘नमो’च्या जागी बरोबर ठोका पडत होता. मी विचारलं, हे देवळातलं गीत कांडपाला? मावशी म्हणाल्या, ‘कांडपाला गायचो तेच देवळात नेलं, की देवळातलं इथे आणलं, कोण जाणे. दोन्हीकडे आम्हीच.’

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यांनी ठेवून घेतलं. वसईचा धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला भाग) 1998 पासून मुंबईहून वेगळा आहे, आणि तिथली मिस्सा मराठीत, दर रविवारी, भर सकाळी, देऊळ भरून. तरुण पोरं मराठीत वाचन करत होती. प्रवचनात फादरांनी ओवीतला एक दाखला दिला आणि कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. का वाटावं? फादर स्टीफन्स यांनी 1616 सालीच येशूचं चरित्र मराठी ओव्यांत पुराण म्हणून लिहिलं होतं. आणि याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मला गीतांचं पुस्तक कुणीतरी हातात दिलं होतं. ते उघडावं लागलं नाही.

परत येऊन मी आमच्या फादरांना भेटलो. नवे आहेत, केरळचे, मराठी शिकत आहेत. त्यांना सगळं सांगितलं, कांडपाचं गीतही सांगितलं. त्यांनी वही काढून लिहून घेतलं. येत्या आगेराला प्रवेशगीत आणि पहिलं वाचन मराठीत होईल, आणि त्यानंतर दर दुसऱ्या रविवारी नऊच्या मिस्सेत एक मराठी गीत, इतकं ठरलं आहे. गायकवृंदातल्या दोन मुली, एक मंगळूरची आणि एक गोव्याची, आमच्या बायकांकडे मंगळवारी चाल शिकायला येतात. येताना काही खाऊ आणतात, जाताना लसणाची चटणी नेतात. एकीने मसालाही मागितला आहे.

आता घेणाऱ्यांसाठी. वर्षाचा मसाला एकदाच होतो, ईस्टरनंतर, पाऊस लागायच्या आत. मागणी उपवासकाळातच नोंदवावी लागते, नंतर शिल्लक राहील याची खात्री नाही. आगेराच्या स्टॉलवर येतात त्या उरलेल्या बाटल्या, तेव्हा मिस्सा संपल्याबरोबर रांग धरा. कुरिअरने मागवू नका. माझ्या भाचीकडे पार्सल आलं ते सांडून, आणि तिला बदलून मिळालं तरी दीड महिना गेला. मांसाहारी चौघांच्या घराला वर्षाला दोन किलो लागतो, पण पहिल्यांदा अर्धाच घ्या, आणि मासा जास्त खाणाऱ्यांनी तिरफळ वरून ठेचून घाला. चाळणीबद्दल आणि झाकणाबद्दल मी सुनेला बोललो. चाळण बदलते म्हणाली. झाकणावर त्यांचा तोडगा असा : आपापल्या बाटल्या धुऊन, उन्हात चांगल्या दोन दिवस वाळवून, बूच घेऊन या, भरून देऊ, भरणावळ घेणार नाही.

घरात बायकोच्या बारा बाटल्या होत्या, तपकिरी, जुन्या. गेल्या आठवड्यात बाराही धुऊन गच्चीवर उलट्या मांडल्या. मावशींकडे पुढच्या वर्षीच्या सहा किलोची मागणी आतापासूनच नोंदवली आहे, निम्मा आमच्या घरासाठी आणि निम्मा त्या मंगळवारच्या मुलींसाठी.